पन्नास तासांच्या कोर्सने व्हॅल्युअर होता येतं का?

कराडच्या एका सिव्हिल इंजिनिअरने विचारलंय: बी.ई. होऊन सहा वर्षं झाली, सध्या एका ठेकेदाराकडे साइट सांभाळतो, आता मालमत्ता मूल्यांकनात यायचं आहे. पन्नास तासांचा कोर्स करून परीक्षा दिली की पुरे, की पदव्युत्तर शिक्षण घ्यावं, की सरळ नगरपालिकेच्या करआकारणीतली नोकरी बघावी? शेवटी जाता जाता त्यांनी असंही लिहिलंय की घराला फेरआकारणीची नोटीस आली आहे, कर जवळपास दुप्पट झालाय, आणि 'हा आकडा कुठून आला?' असं वडिलांनी विचारल्यावर इंजिनिअर असूनही मला सांगता आलं नाही.

मला तुमचा खरा प्रश्न त्या शेवटच्या वाक्यात दिसतो. कोर्स कोणता, हे दोन दिवसांत ठरेल. पण एकाच घराला बँक एक किंमत लावते, मुद्रांक कार्यालय दुसरी, नगरपालिका तिसरी, आणि भावाभावांच्या वाटपात चौथीच निघते. या चारही एकाच वेळी बरोबर असू शकतात. हे असं का होतं, हे ज्याला समोरच्या माणसाला समजावून सांगता येतं तो या धंद्यात टिकतो. गेली बावीस वर्षं मी हे काम करते आहे, त्यातली पहिली चार एका ज्येष्ठ व्हॅल्युअरांच्या हाताखाली गेली. पुढचं सगळं त्या अनुभवावरून लिहिते आहे.

आधी परिस्थितीवर अवलंबून असलेल्या गोष्टी. घर तुमच्या पगारावर चालतं का? दोन-तीन वर्षं कमी उत्पन्नात काढता येतील का? कराडमध्येच राहायचं आहे, की पुण्या-मुंबईला जायची तयारी आहे? तालुक्याच्या गावात कर्जासाठी घर, प्लॉट, शेतजमीन अशी सरमिसळ कामं येतात आणि प्रत्येक कामात कागदपत्रांची गुंतागुंत वेगळी असते. शहरात फ्लॅटचीच कामं भरपूर, पण ती इतकी एकसारखी की वर्षभरानंतर डोकं चालवायची वेळ क्वचित येते. शिकण्यासाठी मी तालुक्याचं गाव निवडेन. पैशाचं गणित मात्र तुमचं तुम्हालाच मांडावं लागेल.

आता परवान्याचं. कंपनी कायदा २०१३ च्या कलम २४७ खाली, २०१७ च्या नियमांनुसार जो 'नोंदणीकृत मूल्यांकनकार' होतो, त्याची नोंदणी भारतीय नादारी व दिवाळखोरी मंडळाकडे, म्हणजे आयबीबीआयकडे होते. जमीन व इमारत, यंत्रसामग्री आणि रोखे असे तीन वर्ग आहेत, तुमचा पहिला. सिव्हिलची पदवी आणि त्यानंतर पाच वर्षांचा अनुभव असेल तर पात्रता बसते, पदव्युत्तर पदवी असेल तर तीन वर्षं पुरतात. एखाद्या मान्यताप्राप्त मूल्यांकनकार संस्थेचं सभासद व्हायचं, तिचा पन्नास तासांचा कोर्स करायचा आणि संगणकावरची परीक्षा द्यायची. उत्तीर्ण व्हायला साठ टक्के लागतात आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जातात, त्यामुळे अंदाजपंचे दाहोदरसे चालत नाही. दुसरी नोंदणी प्राप्तिकर खात्याची. ती मूळ संपत्ती कर कायद्यातली. संपत्ती कर २०१५ मध्ये रद्द झाला, तरी ती नोंदणी चालू राहिली, कारण भांडवली नफ्याच्या हिशेबात तिचं काम पडतं. तिथे साध्या पदवीवर दहा वर्षांचा अनुभव लागतो, तेव्हा तो दरवाजा तुमच्यासाठी अजून लांब आहे.

म्हणजे कागदोपत्री उत्तर 'हो, होता येतं' असंच आहे. पन्नास तासांत कायदे, अर्थशास्त्राची तोंडओळख, मूल्यांकनाच्या तीन पद्धती आणि आचारसंहिता एवढं नीट होतं. कोर्स चांगला आहे, मन लावून करा. फक्त त्यात कुणी तुमच्या हातात टेप देत नाही.

माझ्या पहिल्याच महिन्यातली गोष्ट सांगते. साताऱ्यातला एक जुना वाडा, चार भावांचं वाटप. मी बाहेरून मोजमाप घेतलं आणि खोलीनिहाय तक्ता करून सरांपुढे ठेवला. माजघर ६.०० गुणिले ४.५० मीटर, म्हणजे २७ चौरस मीटर. सरांनी एकच विचारलं, 'भिंत मोजलीस?' परत गेले. भिंती पांढऱ्या मातीच्या, दोन फुटी, म्हणजे साठ सेंटिमीटर जाड. आतून ४.८० गुणिले ३.३० भरलं, १५.८४ चौरस मीटर. एका खोलीत अकरा चौरस मीटर नुसत्या भिंतींत गेले होते. माडीवर जायचा जिना कुजला होता, म्हणून माडी मी बाहेरच्या मापावरूनच धरली होती. सरांनी शेजारच्या घरातून शिडी आणवली. वर गेले तर अर्ध्या माडीला तक्तपोशीच नव्हती, नुसत्या तुळया. नगरपालिकेच्या उताऱ्यावर मात्र ती माडी पूर्ण, निवासी वापराची म्हणून नोंदलेली होती आणि चारही भाऊ वर्षानुवर्षं तिचा कर भरत होते.

त्या दिवसापासून मी आतलं आणि बाहेरचं माप वेगळं लिहिते आणि जिथे प्रत्यक्ष गेले नाही तिथे अहवालात तसं स्पष्ट नमूद करते. तुम्ही साइटवर काम केलंय, तेव्हा माप घेणं तुम्हाला नवीन नाही. पण बांधणारा जसा इमारतीकडे बघतो तसं मूल्यांकनात बघून भागत नाही. खर्च किती झाला हे तुम्ही चटकन काढाल. एवढा खर्च घेणाऱ्याने दिला असता का, हा विचार मुद्दाम लावून घ्यावा लागतो. खेड्यात चाळीस लाख खर्चून बांधलेला बंगला पंचवीस लाखांनाही गिऱ्हाईक मिळवत नाही, हे मी कितीदा तरी पाहिलंय, आणि इंजिनिअर माणसाला हे पचायला सगळ्यात जड जातं.

दुसरी गोष्ट तुलनेच्या व्यवहारांची. परिसरात अलीकडे काय विकलं गेलं, ते शोधून फरकांची भर-वजाबाकी करायची, एवढी ती पद्धत सोपी दिसते. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर इंडेक्स-दोन, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा मिळतो, त्यात मोबदला आणि बाजारमूल्य दोन्ही आकडे असतात. नवीन माणूस तिथला मोबदला उचलतो, तीन व्यवहारांची सरासरी काढतो आणि मोकळा होतो. जरा थांबून बघा. मोबदला आणि रेडीरेकनरप्रमाणे, म्हणजे मुद्रांक शुल्कासाठीच्या सरकारी दरतक्त्याप्रमाणे निघालेलं मूल्य रुपयाला रुपया जुळत असेल, तर तो दस्त बहुतेक वेळा बाजाराबद्दल काहीच सांगत नाही. मुद्रांक शुल्कापुरता आकडा तिथे बसवलेला असतो. नात्यातला व्यवहार आहे का, अडचणीत विकलंय का, क्षेत्र कार्पेट (भिंतींच्या आतलं) लिहिलंय की बिल्टअप (भिंती धरून), पार्किंग आणि टेरेस त्यातच धरलंय का, हे दस्त उघडून वाचल्याशिवाय कळत नाही. मी आजही दर आठवड्याला माझ्या भागातले पाच-सहा दस्त वाचते आणि वहीत उतरवते: तारीख, गट नंबर, रस्त्याची रुंदी, क्षेत्र, दर, आणि शेवटी 'विश्वास ठेवावा का' असा एक रकाना. त्या वहीतूनच माझं घर चालतं. तुम्ही परीक्षेचा अर्ज भरायच्या आधी मलकापूर आणि सैदापूरकडच्या प्लॉटची अशी वही सुरू करा. शंभर नोंदी झाल्यावर कुणी दर सांगितला की तो खरा वाटतो की नाही, हे तुमचं तुम्हालाच कळायला लागेल.

कागद वाचण्याचं शिक्षणही इथलंच. सातबारावर भोगवटादार वर्ग दोन लिहिलंय आणि तुम्ही वर्ग एकचा दर लावलात, तर तुमचा अहवाल पहिल्याच प्रश्नात कोसळतो, कारण ती जमीन परवानगीशिवाय विकताच येत नाही. फेरफार, इतर हक्कातले बोजे, झोन दाखला, एनए (बिगरशेती) आदेश, भोगवटा प्रमाणपत्र हे सगळं वकिलाचं काम म्हणून सोडून देऊ नका. हक्क सिद्ध करणं वकिलाकडे राहू दे, पण हक्कातल्या अडचणीमुळे किंमत किती उतरते हे तुम्हालाच सांगायचं असतं.

आता करआकारणी. इथे मी जरा सविस्तर बोलणार आहे, कारण व्हॅल्युअर मंडळी या भागाकडे दुय्यम म्हणून बघतात आणि त्यामुळे त्यांचं फार नुकसान होतं.

आपल्याकडे बहुतेक शहरांत मालमत्ता कर विक्रीच्या किमतीवर बसत नाही, भाड्यावर बसतो. घर स्वतःच्या वापरात असलं तरी कायदा एक भाडेकरू कल्पून घेतो: या माणसाने हे घर वर्षाच्या बोलीवर घेतलं असतं तर वाजवीपणे किती भाडं दिलं असतं? ते वार्षिक भाडेमूल्य. त्यातून दुरुस्तीपोटी दहा टक्के वजा केले की करपात्र मूल्य मिळतं. समजा घर ६० चौरस मीटरचं आहे आणि त्या भागात महिन्याला चौरस मीटरमागे २५ रुपये दर ठरलाय. महिन्याचे १,५००, वर्षाचे १८,०००, दहा टक्के वजा जाता १६,२०० रुपये करपात्र मूल्य. त्यावर निरनिराळे कर मिळून समजा तीस टक्के बसले, तर बिल ४,८६० रुपये. हे आकडे मी उदाहरणाला घेतलेत, दर प्रत्येक गावात आणि प्रत्येक भागात वेगळे असतात. सांगाडा मात्र हाच आहे.

या कल्पित भाडेकरूवरून मोठे वाद झालेत. भाडेनियंत्रण कायद्याखालच्या इमारतीला प्रमाण भाड्यापेक्षा, म्हणजे त्या कायद्याने ठरलेल्या भाड्यापेक्षा, जास्त भाडं कायद्यानेच घेता येत नसेल, तर करासाठी तरी ते जास्त कसं धरणार? सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये दिवाण दौलत राय कपूर खटल्यात म्हटलं की धरता येणार नाही. तर्क चोख होता, पण परिणाम बघा. मुंबईत मोक्याच्या जागी पागडीची इमारत आणि तिचा कर नाममात्र, तर उपनगरातल्या नव्या फ्लॅटचा कर कितीतरी पट. ही विषमता काढायला मुंबईने १ एप्रिल २०१० पासून भांडवली मूल्याची पद्धत घेतली: रेडीरेकनरचा दर, त्याला क्षेत्र, वापर, बांधकामाचा प्रकार, वय आणि मजला यांचे गुणक. मग नवा वाद उभा राहिला. मोकळ्या किंवा बांधकाम चालू असलेल्या जमिनीवर उद्या किती एफएसआय (प्लॉटच्या क्षेत्राच्या प्रमाणात मिळणारं बांधकाम) वापरता येईल, ते धरून आजच कर लावायचा का? मुंबईच्या नियमांतले २०, २१ आणि २२ क्रमांकाचे नियम उच्च न्यायालयाने रद्द केले आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. मालमत्ता आज जशी आहे तशीच मोजायची, भविष्यातल्या शक्यतेवर कर नाही.

बाजारमूल्य काढताना मात्र तीच शक्यता तुम्हाला धरावीच लागते, कारण घेणारा तिचेच पैसे मोजतो. एकाच प्लॉटवर एकाच दिवशी दोन उत्तरं येतात ती अशी. म्हणून माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलामुलींना मी पहिले सहा महिने अहवालाच्या पहिल्या पानावर दोनच गोष्टी लिहायला लावते: मूल्य कशासाठी आणि कोणत्या तारखेचं. तारीख किती महत्त्वाची याचं एक उदाहरण. वडिलोपार्जित घर विकताना भांडवली नफ्यासाठी १ एप्रिल २००१ चं मूल्य लागतं. लोक मोठ्या आशेने येतात की मॅडम, जरा चांगलं दाखवा. पण २०२० च्या दुरुस्तीनंतर ते मूल्य त्या तारखेच्या मुद्रांक शुल्काच्या मूल्यापेक्षा, ते उपलब्ध असेल तर, जास्त धरता येत नाही. तेव्हा २००१ चा रेडीरेकनर काढायचा, त्या वेळचा झोन आणि त्या वेळचं बांधकाम शोधायचं. चौकशी आजच्या घराची नसतेच.

भाड्यावरून किंमत काढायची पद्धत तुम्हाला करआकारणीच्या अभ्यासातून आपोआप येते. खर्च जाऊन वर्षाला ९०,००० हातात राहतात आणि त्या प्रकारच्या मालमत्तेवर लोक सहा टक्के परतावा मानतात, तर वायपी (इयर्स परचेस, म्हणजे वर्षाच्या उत्पन्नाला गुणायचा आकडा, शंभर भागिले सहा) १६.६७ आणि किंमत सुमारे पंधरा लाख. सहाचे सात टक्के केले की तीच किंमत तेरा लाखांच्या खाली येते. एका टक्क्याने दोन लाखांवर फरक पडतो, म्हणून तो टक्का कुठून आणला हे अहवालात लिहावंच लागतं. पुस्तकातून उचललेला टक्का सुनावणीत टिकत नाही.

नोकरीचा मार्ग म्हणाल तर दोन आहेत. नगरपरिषदांच्या राज्यसेवेत 'कर निर्धारण व प्रशासकीय सेवा' असा संवर्ग आहे, पण त्याला कुठलाही पदवीधर चालतो, तुमच्या इंजिनिअरिंगचा तिथे खास उपयोग नाही. दुसरा मार्ग नगररचना आणि मूल्यनिर्धारण विभागाचा. हे खातं १९१४ पासूनचं, मुख्यालय पुण्यात, आणि सिव्हिलवाल्यांसाठी रचना सहायक आणि सहायक नगररचनाकार ही पदं असतात. रेडीरेकनरचे दर याच खात्यातल्या मूल्यांकन शाखेत तयार होतात आणि नगरपरिषदेची आकारणी तपासणारा प्राधिकृत मूल्यनिर्धारण अधिकारीही याच खात्यातून येतो. वय आणि अभ्यासाची तयारी असेल तर ही परीक्षा मी नक्की द्यायला सांगेन. जागा दरवर्षी निघतीलच असं नाही, म्हणून हातातलं काम सोडून नुसती वाट बघत बसू नका.

पदव्युत्तर शिक्षणाबद्दल माझं मत स्पष्ट आहे. वल्लभ विद्यानगरच्या सरदार पटेल विद्यापीठात स्थावर मालमत्ता मूल्यांकनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे, तिथून शिकलेल्यांचं लिखाण मी वाचलंय, पाया पक्का असतो. पण आधी दोन वर्षं कुणाच्या तरी हाताखाली काढा, मग तिकडे जा. प्रत्यक्ष अडचणी पाहिल्यावर वर्गात योग्य प्रश्न सुचतात. हाताखाली कुणाच्या राहायचं हे निवडताना पगारापेक्षा एक गोष्ट बघा: तो माणूस स्वतः साइटवर जातो का? फोटोवरून अहवाल लिहिणाऱ्याकडे पगार बरा मिळेल, सवयी मात्र वाईट लागतील.

आणखी एक गोष्ट बोलावी लागेल, कारण कोर्सच्या आचारसंहितेत ती एका ओळीत उरकते. माझ्या स्वतंत्र कामाच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी एका बँकेच्या शाखेतून फोन आला: 'मॅडम, कर्ज अठ्ठावीस लाखांचं बसवायचंय, त्या हिशेबाने करा.' मी जागा पाहिली, माझ्या हिशेबाने घर पंचवीस लाखांचं होतं. पंचवीसचाच अहवाल दिला. त्या शाखेचं काम मला नंतर आठ महिने आलं नाही, आणि ते महिने खरंच कठीण गेले. पुढे तिथेच वसुलीसाठी लिलावाची वेळ आलेल्या दुसऱ्या एका मालमत्तेचं मूल्यांकन करायला मला बोलावलं. आकडा आधी आणि साइट नंतर असं एकदा झालं की तुम्ही आयुष्यभर शिकलेली पद्धत वापरायची सवयच मोडते. म्हणून पहिल्या वर्षभराच्या खर्चाची तजवीज करूनच यात या. नाही म्हणायची ताकद त्या पैशातून येते.

आता वडिलांच्या नोटिशीकडे. नगरपालिकेत जाऊन आकारणी उतारा मागा आणि चार रकाने बघा: क्षेत्र, भाड्याचा दर, बांधकामाचा प्रकार व वर्ष, आणि वापर. क्षेत्र कार्पेट धरलंय की बिल्टअप, ते तिथल्याच माणसाला विचारा. मग करातून उलटं चालत करपात्र मूल्य, वार्षिक भाडेमूल्य आणि महिन्याचा दर काढा. दुप्पट नेमकं कुठे झालं ते तिथेच सापडेल. दर वाढला असेल तर तो सगळ्या विभागाचा असेल, तेव्हा शेजारच्या सारख्या घराचा उतारा बघून तुलना करा. क्षेत्र वाढलं असेल तर घर पुन्हा मोजा. पुढच्या खोलीतलं बंद पडलेलं दुकान अजून व्यापारी वापरात दाखवलंय का, हेही बघा, असं मला नेहमी सापडतं. टेपचं दुसरं टोक वडिलांना धरायला सांगा, जिना, न्हाणी आणि पडवी वेगळी लिहा, साधा नकाशा काढून हरकतीच्या अर्जाला जोडा. नोटिशीत दिलेल्या मुदतीच्या आत अर्ज द्या, पोचेवर आवक क्रमांक आणि तारीख घेतल्याशिवाय तिथून निघू नका. सुनावणीच्या दिवशी तुमचा नंबर लवकर आला तरी संध्याकाळपर्यंत तिथेच बसा आणि बाकीच्यांच्या हरकती ऐका.